वरी आणि भगर

अनुयाने पिंजरा डाव्या हातात धरला, उजव्या हाताने फाटकाची कडी आधी वर उचलली, मग बाजूला ओढली, आणि तशीच उभी राहिली. कडी नुसती ओढली असती तर अडली असती. आधी उचलायची, मग ओढायची. पण हे आपल्या हाताला कुणी सांगितलं? निगडी प्राधिकरणात तिचं कुणी नव्हतं. मोबाइलच्या नकाशाने वळ म्हटलं तिथे ती वळली होती, थांब म्हटलं तिथे थांबली होती. मग तिचं लक्ष खाली गेलं. फुटक्या रंगीत फरशीच्या तुकड्यांची पायवाट, तिच्यात मधेच एक मोरपंखी तुकडा. हेच ते घर. बारा-तेरा वर्षांपूर्वी याच घरात तिला दाखवायला आणलं होतं. मुलाच्या वडिलांचा पाय तेव्हा प्लास्टरमध्ये होता, म्हणून रीत मोडून मुलीकडच्यांनीच जायचं ठरलं होतं. बाबा या कडीशी झटत होते, आई मागून “अहो, हळू, तुटेल ती” म्हणत होती, आणि शेवटी नव्या साडीतल्या अनुयानेच हात घालून फाटक उघडलं होतं. आतल्यांनी म्हणे ते खिडकीतून पाहिलं आणि “मुलगी हुशार आहे हो” असं कुणीतरी म्हणालंही. हुशारीचं पुढे काय झालं ते सोडा.

परत फिरावं का, असं तिच्या मनात आलं. कुणी पाहिलं नव्हतं. गाडीत बसायचं, “जमत नाही, सॉरी” असा मेसेज टाकायचा, विषय संपला. पण पिंजऱ्यात फडक्याखाली दोघी हलल्या. वरी आणि भगर, दोघी बहिणी, साडेतीन महिन्यांच्या, अंगाने शुभ्र आणि डोळ्यांनी लालचुटूक. अनुयाच्या रहाटणीच्या फ्लॅटमधली मागची खोली आता उंदरांचीच झाली होती. वर्षातून एखाद-दुसरं वेत, वेताला दहा-बारा पिल्लं. डोळे उघडले की त्यांना माणसाच्या हाताची सवय लावायची, पाच आठवड्यांची झाली की नर वेगळे, माद्या वेगळ्या करायच्या, नाहीतर मग बघायलाच नको. आणि अंगाबांध्याने जरा धड झाली की स्थळं शोधायची. तिच्या घरात त्याला स्थळंच म्हणत. एकटं पिल्लू कुणाला द्यायचं नाही, जोडीनेच द्यायचं, कारण एकटा उंदीर झुरतो. आधी घर बघायचं. दिवसभर घरात जे माणूस असेल त्याच्याशी बोलायचं, नुसतं मेसेज करणाऱ्याशी नाही. आणि पिंजरा बरोबर न्यायचा, पण झाकून. घर मनाला आलं तरच फडकं काढायचं. एकदा फडकं निघालं की तो होकार, मग मागे फिरायचं नाही. ही पद्धत तिने स्वतःच बसवली होती आणि ती का बसवली हे तिने कधी कुणाला सांगितलं नव्हतं. समोर काढून ठेवलेल्याला वरपासून खालपर्यंत बघायचं आणि मग तोंड फिरवायचं, हे तिच्या घरातल्या कुणाच्या वाट्याला यावं असं तिला वाटत नव्हतं, एवढंच.

या वेतातली बाकीची टोपीवाली, म्हणजे डोकं काळं नि अंग पांढरं असलेली, हातोहात गेली. लाल डोळेवाल्या दोघी राहिल्या. फोटो पाहूनच लोक म्हणत, “ई, भुतासारखे डोळे!” कुणी विचारी, टोपीवाले कधी येणार? पिल्लू मोठं होत जातं तसतसं त्याला घर मिळणं कठीण होतं. आणि उंदराचं आयुष्य ते केवढं, जेमतेम दोन-अडीच वर्षं; त्यातले साडेतीन महिने वाट बघण्यात गेलेले. मागच्या खोलीत जागा उरली नव्हती, म्हाताऱ्या माद्यांशी या दोघींचं पटत नव्हतं, भगरच्या कानाला चावा बसला होता. यांना घर मिळायलाच हवं होतं. आणि आज मिळू पाहत होतं ते नेमकं हे! आता बोला.

बेल वाजवायच्या आधीच दार उघडलं. “या, या. तुम्हीच ना उंदीरवाल्या? आमच्या सुनेने, मिनलने सांगितलंय मला. ती अन् सलिल दोघंही कंपनीत गेलेत, शनिवार असूनसुद्धा. सलिल येईल इतक्यात.” वासंतीकाकू, त्या मुलाची आई. केस पांढरे झाले होते, अंग सुटलं होतं, आवाज तोच. त्यांनी तिच्याकडे पाहिलं, नीट पाहिलं, आणि त्यांना काही ओळख पटली नाही. अनुयाला हायसं वाटलं, आणि लगेच थोडं वाईटही वाटलं. आपण वर्षानुवर्षं ज्यांना मनात वागवावं, त्यांच्या लेखी आपण कुठल्या गावचे! आत कोचावर नऊ-दहा वर्षांची पूर्वी, मिनलची मुलगी, दोन्ही हात मांडीखाली दाबून बसली होती. उगाच हात लावायचा नाही असं तिला बजावलेलं दिसत होतं. तिची नजर फडक्यावरून हलत नव्हती.

कोपऱ्यात माशांची पेटी होती. तीच. आता कोरडी, काचेवर पांढुरके डाग, पण तीच. त्या दिवशी तिच्यात मासे होते. मोठी माणसं पायाच्या प्लास्टरबद्दल बोलत होती, मुलगा समोर बसून मोबाइलशी चाळा करत होता, आणि अनुयाला काय करावं कळेना म्हणून ती मासे बघत बसली. बघताना मान डावीकडे कलली. ती कलायचीच. तिच्या उजव्या डोळ्याचा एक स्नायू जन्मतः कच्चा. मान जराशी कलती केली की दोन-दोन दिसणाऱ्या वस्तू एक होतात. डॉक्टरांनी सांगितलं होतं, काही बिघडत नाही, तिची तिला सवय आहे. दोन मासे दिसत होते, मान कलल्यावर त्यांचा एक झाला, छान, शेपटी पसरलेला. त्या घरातला तेवढा एकच क्षण तिला आवडला होता. वर मान केली तर मुलगा तिच्याकडे बघत होता. निघताना सगळे म्हणाले, “कळवतो.” कळवलं कुणीच नाही. महिन्याभराने मध्यस्थ बाईंनी आईच्या कानात सांगितलं, मुलाला मुलीची मान तिरकी वाटली. बस्स. तेव्हापासून अनुयाने मान सरळ धरली. फोटोत सरळ, मुलाखतीत सरळ, चाकणच्या कंपनीत पर्चेसच्या मीटिंगमध्ये समोर दोन-दोन मॅनेजर दिसले तरी सरळ. खांदे दुखून आले, शेक घेऊन झाला, फिजिओथेरपी झाली. मान काही तिने कलू दिली नाही.

आणि बाबांनी काय करावं? त्या माणसाने कुणाला न विचारता स्वतःची मान कलती करायला सुरुवात केली. पुढचं स्थळ आलं तेव्हा सुरेंद्रराव पाहुण्यांसमोर मान डावीकडे टाकून बसले, चहा घेतानासुद्धा. हेतू असा, की लोकांना वाटावं या घराची ही बसायची ढबच आहे, मुलीत वेगळं असं काही नाही. पाहुणे गेले आणि निरोप आला, मुलगी चांगली आहे, पण आनुवंशिक दिसतंय. त्यापुढच्यांनीही तेच म्हटलं. आईने कपाळावर हात मारून घेतला. “अहो, करायला गेलात गणपती अन् झाला मारुती! सरळ बसा की जरा!” पण बाबा हट्टी. अनुया तेव्हा रडली होती, आणि उशीत तोंड खुपसून हसलीही होती. पस्तिशी आली तसं तिने दाखवणं बंद करायला लावलं, आणि खरं सांगायचं तर त्यानंतर ती सुखात होती. पगार बरा, घर स्वतःचं, आईची कटकट आटोक्यात. मग एक दिवस पिंपरीत एका दुकानात, कुणाच्या तरी सापासाठी बादलीत ठेवलेली एक लाल डोळ्यांची उंदरीण दिसली. ती बादलीतून वर बघत होती आणि बघताना डोकं डावीकडे-उजवीकडे हळूहळू डोलवत होती. दुकानदार म्हणाला, या जातीला अंधुक दिसतं मॅडम, डोकं हलवून अंदाज घेतात. अनुया तिथेच उभी राहिली. तिची मान आपोआप कलली, आणि दोघी एकमेकींकडे बघत राहिल्या. उंदरीण घरी आली, गाभण निघाली, आणि आठवड्याभरात स्वयंपाकघराच्या फळीवर अकरा पिल्लं. आई म्हणाली, “लोक उंदीर घालवायला पिंजरा आणतात, तू ठेवायला आणलास!” तरी दुधात भिजवलेली पोळी तीच द्यायला लागली.

“घ्या, पोहे घ्या,” वासंतीकाकू म्हणाल्या. कांदेपोहेच! अनुयाला हसू आवरेना. वरून खोबरं, कोथिंबीर, लिंबाची फोड; तेव्हाही असेच होते, पण तेव्हा घास गिळवला नव्हता. आज चवीला लागले. फडक्याखाली वास पोचला असावा, खुडबुड सुरू झाली. पूर्वीचा एक हात मांडीखालून निसटला, तिने तो पुन्हा दाबला.

“तुम्हाला चालणार आहेत का, काकू?” अनुयाने नेहमीचे प्रश्न सुरू केले. “दिवसभर घरात तुम्हीच असणार.”

“मला कसली भीती! आमच्या माहेरी कणगीत कमी उंदीर होते का? आणि ही शाळेतून येईपर्यंत घर खायला उठतं. हे गेल्यापासून तर फारच. काहीतरी हलतं-चालतं असलेलं बरं.”

“मांजर?”

“नाही.”

“ठेवणार कशात?”

“ही काय, माशांची पेटी आहे की!”

इथे अनुयाच्या पाठीचा कणा ताठ झाला. काचेच्या पेटीत उंदीर ठेवायचे नसतात. हवा खेळत नाही, ओलीचा वास साठतो, छाती भरते आणि बघता बघता जनावर हातचं जातं. मोठी खोट निघाली! आणि निघाली तशी दुसरीही दिसली. देव्हाऱ्यापुढे धूप जळत होता, धूर सगळ्या खोलीत. त्यांच्या नाकाला तो वाईट. तिसरी दिसली, खिडकीला जाळी नाही. तिचं मन भराभर पुढे चाललं. नाही म्हणायला आता सबळ कारण होतं, कुणी नाव ठेवू शकणार नव्हतं. उठायचं, पिंजरा उचलायचा, दारात हसायचं आणि म्हणायचं, “कळवते.” या खोलीत तो शब्द उच्चारायचा! जिभेवर त्याची चव आली, लिंबासारखी. भगरचा चावलेला कान आठवला आणि चव जरा उतरली, पण गेली नाही.

“तुला तू म्हटलं तर चालेल ना?” वासंतीकाकू म्हणत होत्या. “लग्न झालंय का गं? नाही? असू दे. आता काय, कुणाचं कुणावाचून अडत नाही. आमच्या सलिलच्या वेळी आम्ही काय कमी मुली पाहिल्या? चपला झिजवल्या अगदी. आणि याचं आधीच ठरलेलं! मिनल याच्याच कंपनीत. तिचे वडील वेल्डर, जात वेगळी, घरात सांगायची याची छाती नाही. मग आम्ही मुली बघतोय आणि हा प्रत्येकीत खोट काढतोय. एकीचा आवाज घोगरा. एकीची मान तिरकी. एक फार हसते, एक हसतच नाही. माझे यजमान वैतागले, म्हणाले, अरे, तुला पाहिजे तरी काय! तेव्हा कुठे तोंड उघडलं गाढवाने. मग काय, सहा महिने मी धुमसले. आणि आता बघ, मिनलवाचून माझं पान हलत नाही. डोळ्याचं ऑपरेशनसुद्धा तिनेच मागे लागून करवून घेतलं. एकाचं झालंय, दुसऱ्याचं दिवाळीनंतर.”

अनुयाच्या हातात पोह्यांचा चमचा तसाच राहिला. एकीची मान तिरकी. आवाज घोगरा, मान तिरकी, फार हसते, हसतच नाही. बाजारात भाजीवाल्याने ओरडावं तशी ती यादी, आणि आपण तिच्यात मधेच कुठेतरी. मान तिरकी नसती तर नाक निघालं असतं, नाक नसतं तर चाल. म्हणजे कुणी तिला नापसंत केलंच नव्हतं. तिला कुणी पाहिलंच नव्हतं. या एका पोराची छाती होईना म्हणून तिने इतकी वर्षं मान ताठ धरली, शेक घेतले, सगळ्या फोटोंत सुजल्यासारखं तोंड करून उभी राहिली! राग यायला हवा होता. तिने वाट पाहिली, पण राग काही आला नाही. आलं ते हसू, आणि तेही पोटातून, इतकं की पोहे घशात अडकून ठसका लागला. पूर्वी धावत पाणी घेऊन आली.

पाणी पिताना तिचं लक्ष पुन्हा माशांच्या पेटीकडे गेलं. काचेची पेटी, धूप, जाळी. आपणही आत्ता हेच करत होतो की! नाही म्हणायचं आधी ठरवलं आणि मग खोटी शोधत बसलो. तिला स्वतःची लाज वाटली, आणि मग मोकळं वाटलं.

“काकू, पेटी चालणार नाही,” ती म्हणाली. “गजांचा पिंजरा लागेल, मी करून देते, माझे बाबा करतात. आणि धूप जरा दुसऱ्या खोलीत.”

“देव्हारा हलवायचा नाही हं मी.”

“मग पिंजरा आतल्या खोलीत ठेवू.”

“हे चालेल,” वासंतीकाकू म्हणाल्या. “देवाला काय, त्याचंच वाहन आहे.”

दारात चपला वाजल्या. सलिल आला. डोक्यावरचे केस बरेचसे गेलेले, पोट सुटलेलं, हातात दुधाच्या पिशव्या. कुणी पाहुणी आहे म्हणून तो तोंडदेखलं हसला आणि आत जायला निघाला. अनुयाने पिंजरा टेबलावर ठेवला, पूर्वीला जवळ बोलावलं आणि फडकं काढलं. वरी गजांशी येऊन उभी राहिली. भगर तिच्यामागे, चावलेला कान पुढे करून. “या वरी आणि भगर,” अनुया म्हणाली. “अगं, पण वरी अन् भगर एकच की!” वासंतीकाकू म्हणाल्या. “हो ना. या दोघींचंही तसंच आहे.” वरीने पाहुण्यांचा अंदाज घ्यायला डोकं डोलवायला सुरुवात केली, डावीकडे, उजवीकडे. पूर्वीने श्वास रोखला आणि मग हळूच म्हणाली, “आजी, डोळे बघ, डाळिंबाच्या दाण्यासारखे.” भुतासारखे नाही म्हणाली. अनुयाने वाकून बघितलं आणि किती वर्षांनी परक्या घरात तिची मान आपसूक कलली. दोन दिसणारी वरी एक झाली. समोरून ऑपरेशन झालेला डोळा पुढे काढून वासंतीकाकूही तश्शाच मान वाकडी करून बघत होत्या. मग खोलीत काहीतरी पडल्याचा आवाज झाला. सलिलच्या हातातली दुधाची पिशवी. तो अनुयाच्या मानेकडे बघत होता.

तो तिला गाडीपर्यंत सोडायला आला. पिंजरा घरातच राहिला होता, सोबत आणलेला खाऊही आणि मागच्या खोलीचा वास असलेला चिंधीचा तुकडाही. नव्या घरात पहिल्या रात्री झोप यायला तो लागतो. फाटकाशी सलिल थांबला. कान लाल झाले होते. “ते… मी तेव्हा काहीतरी सांगायचं म्हणून सांगितलं होतं,” तो म्हणाला. “तुमच्या मानेला काही नव्हतं. म्हणजे, होतं, पण…”

“दूध गरम केल्याशिवाय देऊ नका त्यांना,” अनुया म्हणाली. “आणि थोडंच. पुढच्या रविवारी मी मोठा पिंजरा घेऊन येते.” तिने कडी उचलली, ओढली आणि बाहेर पडली.

रहाटणीला पोचेपर्यंत तिने गाडीत मान हवी तशी ठेवली. काळेवाडीच्या सिग्नलला शेजारचा रिक्षावाला बघत होता, बघू दे. घरी बाबा मागच्या खोलीत होते. स्टुलावर बसून जाळीच्या तारा कापत होते, शर्टाच्या खिशात एक पिल्लू, आणि मान डावीकडे, नेहमीसारखी. पिल्लू बारीक दात करकरवत होतं. नवख्या माणसाला ते रागावल्यासारखं वाटतं, पण ते समाधानाने करतात तसं.

“जमलं?” बाबांनी विचारलं.

“जमलं. दोघी एकाच घरात.”

“माणसं कशी आहेत?”

“बरी आहेत. निगडीला. तुम्ही गेलायत त्या घरी, बाबा. फाटकाची कडी अडते ते.”

बाबांच्या हातातली पक्कड थांबली. अनुयाने जमिनीवर बसकण मारली आणि त्यांना सगळं सांगितलं, पोहे, माशांची पेटी, मिनल, घोगरा आवाज, तिरकी मान. सांगताना ती पुन्हा हसली आणि या वेळी डोळ्यांतून पाणीही आलं. तिने ते पुसलं नाही. बाबा ऐकत राहिले. ओट्याशी आईसुद्धा भांडी वाजवायची थांबली होती.

“म्हणजे तसं काही नव्हतंच?” बाबा म्हणाले.

“नव्हतंच. आता सरळ बसलात तरी चालेल तुम्ही.”

बाबांनी प्रयत्न केला. मान हळूहळू मध्यावर आणली, तिथे क्षणभर धरली, चेहरा कसनुसा झाला, आणि सोडल्याबरोबर ती आपली परत डावीकडे गेली. खिशातलं पिल्लू वर डोकावलं.

“राहू दे गं,” ते म्हणाले. “आता ती तशीच बसलीय.” आणि त्यांनी पक्कड उचलली. “केवढा पिंजरा करू? दोघींना ऐसपैस व्हायला हवा.”